मातीची कांडी आणि गटारातून गेलेला पाइप

वर्षावास सुरू झाला की आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. यंदा तिसऱ्या रविवारी वाचन संपले, सरणत्तय झाले, खीर वाटायला सुरुवात झाली, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण आत आला. नम्र पोरगा होता. "जयभीम" म्हणाला, चप्पल बाहेर काढली, आणि बॅगेतून बोटाएवढी तांबूस कांडी काढून महिलांच्या हातात दिली. "ताई, ही साधी माती नाही. हिच्या पापुद्र्यांवर नॅनो झिंक उगवलेले आहे. पिण्याच्या पिंपात सोडून द्या, 99.9 टक्के जंतू खलास. ना गॅस, ना लाईट, वर्षभर बघायला नको."

किंमत 1800 रुपये. बचत गटामार्फत घेतली तर तीन हप्ते. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत दोन मुलांना कावीळ झाली होती, त्यामुळे गटातल्या 22 जणींपैकी 14 जणींनी तिथेच हात वर केले. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारले, "सर, तुम्ही शाळेत केमिस्ट्री शिकवायचात ना? खरे आहे का खोटे?"

मी म्हटले, दोन्ही. त्यावर सगळे हसले. पण ते उत्तर विहारात उभ्या उभ्या पुरे करता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

खरे काय ते आधी. जस्ताचे ऑक्साइड, म्हणजे झिंक ऑक्साइड, आपल्या घरात नवीन नाही. घामोळ्यांवर लावायचे गुलाबी कॅलामाइन लोशन, बाळाच्या लंगोटीच्या जागी पुरळ आले की लावायची पांढरी क्रीम, या दोन्हींत तेच असते. त्याचा जंतूंवर परिणाम होतो ही गोष्ट पक्की आहे. ते पाण्यात अगदी थोडे विरघळते आणि जस्ताचे कण बाहेर सोडते; जंतूच्या आत जस्त गरजेपेक्षा जास्त झाले की त्याचा कारभार बिघडतो. शिवाय या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर, उजेडात तर जास्तच, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र रसायने तयार होतात आणि ती जंतूच्या आवरणाला भोके पाडतात. हे सगळे पृष्ठभागावर घडते. म्हणून दाणा जितका बारीक, तितके तेवढ्याच वजनात काम जास्त. नॅनो म्हणतात ते यालाच. आपला एक केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो, जुलाबाच्या ई. कोलाय जंतूची लांबी 2 हजार नॅनोमीटरच्या आसपास, आणि हे दाणे काही दहा नॅनोमीटरचे.

पण इतके बारीक दाणे एकटे राहत नाहीत. पिठल्यात बेसन एकदम ओतले की गुठळ्या होतात, वरून ओल्या आणि आतून कोरड्या, तसेच यांचे होते. एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला की आतला पृष्ठभाग फुकट गेला. शिवाय सुटे दाणे पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून त्यांना धरून ठेवणारे, एकमेकांपासून लांब ठेवणारे काहीतरी लागते. बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो ना, एकेक तीळ वेगळा आणि भाकरीला घट्ट बसलेला, तसे. इथे भाकरीचे काम माती करते.

ती माती आपल्याला परकी नाही. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या फुगण्याला कारणीभूत असलेले खनिज आणि कारखान्यात वापरतात ती बेंटोनाइट माती एकाच कुळातली. मुलतानी मातीही त्यांच्याच भावकीतली. कच्छमध्ये बेंटोनाइटच्या खाणी आहेत, आणि ती तिथल्या काळ्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. आपला दख्खन ज्या लाव्हाने बनला त्याचाच तो खडक. या मातीचा प्रत्येक कण म्हणजे पापुद्र्यांची चळत. एक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड. सगळे पापुद्रे उलगडून अंथरले तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग 700 चौरस मीटरच्या पुढे जातो. आपली दहा बाय पंधरा फुटांची खोली धरा, अशा पन्नास खोल्या एक ग्रॅम मातीत.

पापुद्र्यांवर ऋणभार असतो आणि तो सांभाळायला मध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित कण बसलेले असतात. माती पाण्यात भिजवून त्यात जस्ताचा क्षार घातला आणि काही तास ढवळत ठेवले की सोडियम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी जस्त बसते. मग अल्कली घालायची, गाळायचे, धुवायचे, वाळवायचे आणि भट्टीत काहीशे अंशांवर तापवायचे. पापुद्र्याच्या अंगावर आणि कडांना झिंक ऑक्साइडचे दाणे तयार होतात. 'उगवले' हा शब्द त्या पोराने बरोबर वापरला होता. दाणे आधी वेगळे बनवून मातीत कालवले तर ते गुठळीसकट कालवले जातात. पापुद्र्यावरच उगवले तर जिथे जन्मले तिथेच धरून राहतात. यात फार महागडे काही नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी हा विषय जरूर घ्यावा. जखमेच्या पट्ट्या, अन्नाची वेष्टने, पाण्याच्या कँडल अशा कितीतरी ठिकाणी याचे काम आहे.

आता कांडीबद्दल. जंतू मारणारा धातू आणि त्याला धरून ठेवणारे स्वस्त काहीतरी, या कल्पनेवरची उपकरणे याआधीही आलेली आहेत. ग्वाटेमालात 1981 साली फर्नांडो मझारिएगोस यांनी कुंभाराच्या मातीचा फिल्टर बनवला आणि त्याला चांदीचा लेप दिला. आपल्याकडे 2009 मध्ये टाटांचा स्वच्छ फिल्टर आला, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी होती. त्या राखेवरचे मूळ काम पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रातले. पण हे सगळे फिल्टर होते. पाण्याचा थेंब न् थेंब त्यातून झिरपून खाली येतो, म्हणजे जंतूची आणि धातूची गाठ पडते. कांडीचे तसे नाही. पन्नास लिटरच्या पिंपात बोटाएवढी कांडी तळाशी पडून राहणार आणि पाणी स्थिर. मातीने जस्त घट्ट धरून ठेवले तर ते वरच्या जंतूपर्यंत पोचणार कसे? आणि सैल सोडले तर ते संपत जाणार, मग वर्षभर टिकणार कसे? दोन्हीतले काहीतरी एकच खरे असू शकते. हा प्रश्न मी त्या पोराला विचारला. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये एवढे सांगितलेले नाही." त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही महिन्याचे टार्गेट असणार.

त्याच्याकडे प्रयोगशाळेचा कागद मात्र होता, आणि तो खोटा वाटत नव्हता. त्यावर आयएसओ 22196 असे लिहिलेले होते. ही चाचणी पृष्ठभागाची आहे, पाण्याची नव्हे. एखाद्या फरशीच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर जंतूंचे थेंबभर पाणी ठेवतात, वरून पातळ फिल्मने दाबून पसरवतात, आणि 35 अंशांवर भरपूर ओलाव्यात 24 तास ठेवून मग जंतू मोजतात. म्हणजे जंतूला चोवीस तास त्या पृष्ठभागाशी घट्ट दाबून धरलेले असते. आपल्या घरात हंडा भरल्यावर पंधरा मिनिटांत पोरगा पेला बुडवतो. 'अँटिबॅक्टेरियल' रंग, फरशा, मोबाइलची कव्हरे यांच्यावरच्या 99.9 टक्क्यांमागेही पुष्कळदा अशाच जातीची चाचणी असते. आणि आकडा जसाच्या तसा धरला तरी काय होते? पाण्यात दहा लाख जंतू असतील तर 99.9 टक्के मेल्यावर एक हजार उरतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते की 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

शिवाय तो कागद दोन जातींच्या जंतूंचा होता. आमच्या गल्लीतल्या मुलांना झाली ती कावीळ. पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए आणि ई, विषाणूंमुळे होते. बॅक्टेरियावरच्या चाचणीचा कागद विषाणूबद्दल काहीच सांगत नाही. म्हणजे ज्या भीतीने 14 जणींनी हात वर केले, त्या भीतीवर त्या कागदात एक ओळही नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत. जंतू मारणारी वस्तू सगळीकडे थोडी थोडी पसरवली तर जंतू तिला सरावतात. युरोपात डुकरांच्या पिल्लांना हगवण लागू नये म्हणून खाद्यात झिंक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात घालत. जून 2022 पासून युरोपियन युनियनने ते बंद केले. जस्त शेणखतातून जमिनीत साठते हे एक कारण, आणि जस्ताला दाद न देणारे जंतू अनेकदा अँटिबायोटिक औषधांनाही दाद देत नाहीत ही भीती दुसरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये हात धुण्याच्या 'अँटिबॅक्टेरियल' साबणांतली ट्रायक्लोसानसह 19 रसायने बंद केली, कारण साध्या साबणापेक्षा ती सरस आहेत याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. वीस रुपयांच्या साध्या साबणाची वडी त्या बाबतीत कुणाहून कमी नाही.

त्या संध्याकाळी हे एवढे बोललो तेव्हा गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशी म्हणाल्या, "सर, तुमचे पटते. पण तुम्ही म्हणणार नगरपालिकेत जा. तिथे वर्षभर चकरा मारल्या. हा पोरगा निदान दारात येतो तरी."

या बोलण्याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हते. त्या बरोबर बोलत होत्या.

आमच्या वस्तीत पाणी सकाळी पाऊण तास येते. गल्लीतला पाइप गटारातून गेलेला आहे. बहुतेक वस्त्यांत तसेच असते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो, फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब संपतो, आणि त्याच सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. वर कुणी नळाला मोटार लावली की ती पाइपातून पाणी ओढते आणि ही घाण आणखी आत येते. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी निघते तेव्हा त्यात क्लोरीन घातलेला असतो. हेतू हाच की वाटेत काही शिरलेच तर त्याला मारायला थोडा उरावा. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला पाहिजे. शेवटच्या टोकाच्या नळाला तो मिळतो का, हे बघायला ओ.टी. चाचणी असते, पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. दोन मिनिटांचे काम. ते आमच्या टोकाच्या नळाला शेवटचे कधी झाले, हे कुणालाच आठवत नाही.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की गावात चर्चा तरी होते. शहरातल्या वस्तीच्या नळाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे?

पाणी ही आपल्यासाठी नुसती आरोग्याची बाब कधीच नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले ते कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी त्यात ओतून. आरोग्याच्या पानावर लिहायचे तर एवढेच लिहितो की त्या तळ्यात खरोखरचे जंतू त्या दिवशी पडले. त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडले, दहा वर्षे. अलीकडचे सांगायचे तर मुंबईत पाणी हक्क समितीने याचिका केली होती, आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. जगण्याच्या हक्कात पाणी आले. म्हणजे कायदा आपल्या बाजूला आहे. आणि वस्तीतली बाई तिच्या बचतीतून 1800 रुपये मोजायला निघाली आहे, ज्याची जबाबदारी दुसऱ्याची आहे त्या गोष्टीसाठी. माझा आक्षेप आहे तो इथे. नॅनोवर नाही. 22 घरांनी कांडी घेतली असती तर 39 हजार 600 रुपये झाले असते, आणि गटारातला पाइप गटारातच राहिला असता. उलट तक्रार करणारी 22 घरे गप्प बसली असती, कारण आता आपल्या पिंपात कांडी आहे.

पण मावशींचे म्हणणे तसेच उभे राहते. पाइप बदलेपर्यंत आज रात्री पोरांना पाजायचे काय?

आज रात्रीसाठी जुने उपायच खरे आहेत, आणि ते त्या कांडीहून शंभर पटींनी स्वस्त आहेत. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि सुती कापडाच्या घडीतून गाळा. गाळण्याला कमी लेखू नका. भिक्खूच्या आठ परिष्कारांत परिस्सावन, म्हणजे पाणी गाळायचे फडके, असतेच. तिथे हेतू पाण्यातले बारीक जीव वाचवण्याचा होता. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले की जुन्या सुती साडीच्या आठ पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या ज्या बारीक प्राण्यांना चिकटून असतात ते साडीत अडकतात. अर्थात निम्मा कमी झाला, संपला नाही. म्हणून गाळल्यावर मेडिक्लोरचे थेंब किंवा क्लोरीनची गोळी, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास झाकून ठेवायचे. आधी गाळायचे आणि मग क्लोरीन, हा क्रम उलटा करू नका. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतो. घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा कावीळ झालेले माणूस असेल तर गॅसकडे न बघता पाणी उकळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. गरोदरपणात ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. आणि पाणी काढायला ओगराळे ठेवा. शुद्ध केलेल्या पाण्यात हात बुडला की सगळे मुसळ केरात.

जस्ताचा खरा उपयोग जिथे सिद्ध झालेला आहे तो पिंपात नाही, पोटात आहे, आणि तो फुकट आहे. मुलाला जुलाब लागले की ओ.आर.एस.बरोबर झिंकची गोळी 14 दिवस द्यायची: सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मी. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळी चौदा दिवस पुरी करा; आपल्याकडे चौथ्या दिवशी पत्ता फडताळात जातो. आणि साध्या पाण्यासारख्या जुलाबाला मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणून देऊ नका. शौचात रक्त असेल, मूल मलूल असेल, लघवी होत नसेल तर डॉक्टरकडे न्या.

मुळात कुठल्याही विक्रेत्याला विचारायचे ते एवढेच: चाचणी पाण्याची आहे का पृष्ठभागाची, किती पाण्याला किती वेळ, विषाणूंवर केली आहे का, आणि संपली हे आम्हाला कसे कळणार. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण वर्षावासात वाचतो. ते ओळखपत्र घातलेल्या माणसालाही लागू आहे, आणि माझ्यासारख्या निवृत्त मास्तरालाही.

शेवटी आमच्याकडे काय झाले ते सांगतो. पाच जणींनी कांडी घेतलीच, त्यांना कुणी अडवले नाही. बाकीच्यांनी ठरवले की आधी पाण्याचे खरे काय ते बघू. पाण्याची एक साधी चाचणी मिळते, तिला एच-टू-एस बाटली म्हणतात. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून 24 ते 48 तास घरातच ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात शौचातले जंतू असण्याची दाट शक्यता. काळे न पडले म्हणून विषाणू नाहीत असे मात्र नव्हे. वापरलेली बाटली पोरांच्या हाती लागू द्यायची नाही, ब्लीचिंग पावडर टाकून मगच फेकायची.

आम्ही पाच नळ निवडले. दोन मुख्य रस्त्याजवळचे, एक विहाराचा, दोन टोकाचे. सकाळी नळ सुटताना पाणी भरले आणि बाटल्या विहारातल्या कपाटावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकाच्या दोन्ही आणि विहाराची अशा तीन काळ्या पडल्या होत्या. मुलींनी पाचही बाटल्या ओळीने मांडून, नळाचे ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीपुढे ठेवून फोटो काढले. कांडी घेतलेल्यांपैकी एकीच्या पिंपातलेही पाणी सहाव्या बाटलीत भरले होते. तीही काळी पडली.

फोटो लावून 61 सह्यांचा अर्ज पाणीपुरवठा विभागात दिला आहे. टोकाच्या नळाची क्लोरीन चाचणी दर आठवड्याला आमच्यासमोर करावी आणि गटारातला पाइप वर उचलून घ्यावा, अशा दोनच मागण्या आहेत. या वेळी मावशींनी आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे, तो नववीतल्या एका मुलीच्या अक्षरात लिहून ठेवला आहे. बाटल्या आणखी दहा आणल्या आहेत. दर महिन्याच्या पौर्णिमेला त्याच पाच नळांवर भरायच्या ठरले आहे.